रजईवाल्या वहिनींची उबदार खोली

आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या वहिनी रजया शिवायच्या आणि स्वतः मात्र कधी रजई पांघरायच्या नाहीत. ऐन थंडीत आपण कुडकुडत त्यांच्या दारात जावं, तर या बाई नुसतं साधं पातळ नेसून मधल्या खोलीत फरशीवर बसलेल्या, टाके घालत. फरशी कोमट. कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची लागते ना, तशी.

घराची मागची भिंत संपली की जुना कचरा डेपो. तो बंद करून वर माती टाकली, गवत लावलं, आणि लोक त्याला टेकडी म्हणायला लागले.

ही ऊब सुरू झाली ती वहिनींचे यजमान गेले त्या हिवाळ्यात. मी त्याला दादा म्हणायचो. चहा जरा निवला तरी कप परत पाठवणारा माणूस. एकदा चार जणांत मी म्हणालो, "वहिनी, दादा खाली शेगडी पेटवून बसलाय. तुमचे पाय गार पडतात हे त्याला पक्कं ठाऊक." सगळे हसले. वहिनींनी फरशीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मी विसरून गेलो. माझ्या जिभेला हाड नाही, असलं काहीबाही दिवसाला दहादा बोलतो. पण ते गल्लीभर फिरलं आणि वर्षभरात त्यातली थट्टा गळून पडली. बायका ओले कपडे तिथे वाळत घालायला आणायच्या आणि पसरण्याआधी हळूच विचारायच्या, "चालेल ना त्यांना?"

"चालेल गं. फक्त त्यांच्या उशाकडची बाजू सोड."

मांजर तेवढं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दुसऱ्यांच्या घरी चुलीला चिकटणारं ते मांजर इथे बाहेर थंडीत बसून फरशीकडे टक लावायचं. वहिनींचं डोकं सकाळी जड असायचं. झोप फार गाढ लागते, म्हणायच्या.

असे बारा हिवाळे गेले. मग जुन्या डेपोच्या सफाईचं काम निघालं. टेकडीच्या पोटात कचरा धुमसतोय, विषारी वायू घरांखाली सरकतोय असं कळलं. एक तरुण इंजिनीअर बाई यंत्र घेऊन घरोघर फिरू लागल्या. जमीन गरम लागली की दारावर लाल खूण. खुणेचं घर रिकामं करायचं, पाडायचं आणि खालचं सगळं उपसून काढायचं.

त्या येणार त्या सकाळी वहिनींनी मला हाक मारली. "भावजी, चार बादल्या पाणी आणून द्या."

"फरशी धुताय?"

"गार करतेय. आणि तुम्ही तोंड मिटून बसायचं. जन्मात एकदा जमवा."

पाणी ओतलं. फरशी मधोमध खचलेली, तिथे चांगलं घोट्यापर्यंत साचलं. इंजिनीअर बाईंनी दाराजवळच्या फरशीला हात लावला. "गार आहे," म्हणाल्या आणि वळल्या.

तेवढ्यात पाण्यात एक बुडबुडा आला. थोडं थांबून दुसरा. मग पुन्हा तेवढंच थांबून तिसरा. झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तसे, आणि सगळे उशाकडच्या बाजूला.

"झोपलेत," वहिनी पुटपुटल्या.

बाईंनी यंत्र पाण्यावर धरलं, ते किंचाळायला लागलं.

"काकू, इथे किती वेळ बसता तुम्ही?"

"इथेच निजते की."

बाईंचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता बाहेर चला. इथे एखाद्या सकाळी तुम्ही उठणारच नाही."

वहिनी पाण्यात फतकल मारून बसल्या. मग मला बोलावंच लागलं. "वहिनी, ती शेगडी मी मनानं रचली होती. खाली कचरा आहे हो. दादा नाही."

"तुमची थट्टा मला कळत नाही होय? कळली होती. पण बारा वर्षं शेजारी कुणीतरी होतं."

मीही पाण्यात बसलो. "मग मीही येत नाही."

"उठा. तुमच्या बायकोला काय तोंड दाखवू मी?"

"तुम्ही उठा, मग मी."

मला ढकलत ढकलत त्या बाहेर आल्या.

घर पाडलं. खालून काळ्या चिंध्या, टायर, धूर असं निघत राहिलं. त्या खोलीखाली कचरा जळून पोकळी झाली होती. माणूस आडवा मावेल एवढी, इंजिनीअर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. मी, जिभेला हाड नसलेला.

आता त्या जागी चिकणमाती भरून उरलेला वायू बाहेर पडायला एक पाइप उभा केलाय. वहिनी पलीकडच्या गल्लीत राहतात, रजई पांघरतात, आणि टाके टोचतात हे इतक्या वर्षांत कुणी कसं बोललं नाही म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना फैलावर घेतात. दर महिन्याला बाई पाइपवर यंत्र लावतात तेव्हा वहिनी तिथे हजर. वायूचा आकडा उतरला की बाई खूश होतात. वहिनी पाइपच्या तोंडाशी तळहात धरतात.

परवा त्या म्हणाल्या, "शून्यावर यायच्या आधी मला सांगा हं. रजई शिवायला घेतलीय."

बाईंना काही उमगलं नाही. त्या गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, घरी येऊन जरा आडवे व्हा. माप घ्यायचंय. तुमची नि तुमच्या दादाची उंची एकच."

मी गेलो आणि आडवा झालो. वहिनींनी डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरली. मी टाचा जुळवून ताठ पडून राहिलो.