एकसष्ट सेकंद

तुसडे हे काही बाईंचं आडनाव नव्हतं. पण रुग्णालयात ते इतकं रुळलं होतं, की नव्याने लागलेल्या परिचारिका तक्रारीच्या चिठ्ठीवर बिनदिक्कत ‘मा. तुसडेबाई, संगणक विभाग’ असं लिहून पाठवायच्या. बाई चिठ्ठी वाचायच्या, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारायच्या आणि चिठ्ठी आल्या पावली परत पाठवायच्या. यंत्र दुरुस्त करून द्यायच्या, ते वेगळं.

त्यांची खोली तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होती. मधली भिंत बारा महिने कोमट असायची. बावीस वर्षं बाई तिथे बसत होत्या आणि बावीस वर्षांत वरून खाली आलेला एकही माणूस त्यांना अकलेचा वाटला नव्हता. डॉक्टर म्हणजे पासवर्ड विसरणारी जमात. नोंदणीच्या खिडकीवरची मंडळी म्हणजे कीबोर्डवर चहा सांडणारी जमात. आणि परिचारिका म्हणजे काहीही अडलं की आधी वायर ओढायची आणि मग खाली फोन करायचा, अशी जमात.

या शेवटच्या मताला घरातून खतपाणी मिळत होतं. नवऱ्याची थोरली बहीण त्याच रुग्णालयात मोठ्या वॉर्डाची मुख्य परिचारिका होती. लग्न केलेलं नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं भावाच्याच घरात, मागच्या खोलीत मुक्काम. नणंदबाईंना सगळं लिहून ठेवायची सवय. निळ्या पुठ्ठ्याची वही कायम हाताशी. नळाला पाणी किती वाजता आलं, भावाला शिंका किती आल्या, काहीही. बाईंना त्या वहीचा मनस्वी तिटकारा होता. नवरा टपाल कचेरीत होता आणि दोघींच्या मध्ये बसून खाली मान घालून जेवायचं, एवढंच धोरण त्याने आयुष्यभर राबवलं होतं. दोघी एकाच जागी कामाला जायच्या, पण वेगवेगळ्या बसने.

त्या वर्षी मोठ्या वॉर्डात अकरा ट्रॉल्या आल्या. चाकांच्या गाड्यावर एक पातळ लॅपटॉप, खाली औषधांचे कप्पे. परिचारिकेने ट्रॉली खाटेपाशी न्यायची, रुग्णाची नोंद उघडायची, औषध द्यायचं, तिथेच टिपायचं. वॉर्डाच्या जाड भिंतींमध्ये वायफाय टिकत नसे, म्हणून प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीतून वायर काढली होती आणि तिच्या टोकाला यूएसबीचा अ‍ॅडाप्टर होता. तो लॅपटॉपला लावला की नेटवर्क मिळायचं. कल्पना वाईट नव्हती. फक्त अ‍ॅडाप्टर लावल्यावर नेटवर्क यायला मिनिटभर लागायचं. बत्तीस खाटा, दिवसातून तीन फेऱ्या. रुग्ण तोंड उघडून बसलेला, परिचारिका हातात गोळी घेऊन उभी, आणि पडद्यावर एक गोल आपला फिरतोय.

तक्रारी खाली आल्या. बाईंनी तीन वेळा ट्रॉली मागवली, टेबलाशी लावली, वायर जोडली, यंत्र सुरू केलं. सगळं सुरळीत. तिन्ही वेळा त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘दोष यंत्रात नाही.’ दोष कुठे आहे ते लिहायची त्यांना गरज वाटली नाही.

त्यांच्या वरच्या साहेबांना सगळे जावईबापू म्हणायचे, कारण ते संचालकांचे जावई होते आणि त्यापलीकडे त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. आधी ते फरशा विकायचे. संगणक विभागाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली, फिरती खुर्ची घेतली आणि ट्रॉल्यांवरची प्रणाली स्वतःच्या हाताने बसवली. ‘सगळं फालतू सामान काढून यंत्रं हलकी केली,’ असं ते बैठकीत सांगायचे. बाई त्यांना मनातल्या मनात फरशीच म्हणायच्या. गुळगुळीत, थंड, आणि पाय ठेवला की घसरवणारी.

पाच महिन्यांनी एका दुपारी फेरीला एकच परिचारिका होती आणि एकोणीस नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला औषध वीस मिनिटं उशिरा मिळालं. त्याच्या मुलीने वर जाऊन आवाज चढवला. संचालकांनी जावयाला विचारलं. जावयाने तुसडेबाईंच्या तीन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. दोष यंत्रात नाही म्हणजे माणसांत आहे, इतका सरळ विचार जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. मुख्य परिचारिकेच्या नावे मेमो निघाला, ‘उपकरणे हाताळण्यात हयगय’. तो सेवापुस्तिकेत लागला. नणंदबाईंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

एवढ्यावर भागलं नाही. सभागृहात सगळ्या परिचारिकांचं प्रशिक्षण ठेवलं. विषय, अ‍ॅडाप्टर कसा लावावा. बाईंना प्रोजेक्टर चालवायला बोलावलं होतं.

जावईबापूंनी स्वतःचा लॅपटॉप घेतला. “सरळ धरायचं. सावकाश आत सरकवायचं. टक् आवाज आला पाहिजे,” ते म्हणाले. त्यांनी लावलं आणि तीन सेकंदांत नेटवर्क आलं. “बघितलंत? यात काही रॉकेट सोडायचं नाहीये.”

मग त्यांनी मुख्य परिचारिकेला पुढे बोलावलं आणि एका ट्रॉलीवर तेच करायला सांगितलं. छत्तीस वर्षं लहान बाळांच्या नसा अचूक शोधणाऱ्या त्या हाताने अ‍ॅडाप्टर लावला. गोल फिरत राहिला.

“काढा. पुन्हा लावा,” जावईबापू म्हणाले. “हात थरथरतोय तुमचा. वय झालं की होतं.”

असं दहा वेळा झालं. साठ बायका बघत होत्या. आठव्या वेळी नणंदबाईंनी अ‍ॅडाप्टर तोंडापाशी नेऊन फुंकर मारली, जुन्या रेडिओच्या खटक्यावर मारावी तशी, आणि तुसडेबाईंना हसू आलं. मोठं नव्हे. नाकातून सुटलेलं. पण सभागृह इतकं शांत होतं की ते ऐकू गेलं. नणंदबाईंनी वळून एकदा पाहिलं आणि नवव्यांदा अ‍ॅडाप्टर लावला.

घरी तीन दिवस मागच्या खोलीचं दार जेवणापुरतं उघडायचं. नवरा भाताकडे बघून जेवत होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई चहा घेऊन बसल्या असताना नणंदबाई आल्या आणि निळी वही समोर ठेवली.

“वहिनी, हे वाच. मग हस.”

“वन्सं, मी काही…”

“वाच म्हटलं ना.”

बाईंनी नाक मुरडतच वही उघडली. पाच महिन्यांची पानं होती. प्रत्येक ओळीत तारीख, ट्रॉली नंबर, खाट नंबर, कोणी लावलं, किती सेकंद. सहा नंबरची ट्रॉली, एकसष्ट. नऊ नंबरची, बासष्ट. दोन नंबरची, एकसष्ट. नवी मुलगी, एकसष्ट. जुनी आया, एकसष्ट. रात्रपाळी, दिवसपाळी, डावखुरी, उजवी, सगळ्यांची तीच एकसष्ट-बासष्ट. आणि मध्येच चार नंबरची ट्रॉली. तीन. चार. तीन.

बाईंचा चहा तसाच राहिला. हाताची चूक असती तर आकडे वेडेवाकडे आले असते. कोणाला दहा, कोणाला पन्नास. इतक्या माणसांचे हात एकाच सेकंदावर चुकत नाहीत. साठ सेकंद, म्हणजे बरोबर मिनिट, हा आकडा माणसाच्या हातातून येत नाही, तो कोणीतरी प्रोग्राममध्ये लिहिलेला असतो. तिथे काहीतरी कशाची तरी वाट बघत होतं आणि मिनिट संपल्यावर नाद सोडत होतं. हे कळायला संगणकातली बावीस वर्षं लागत नव्हती. वही लागत होती, आणि ती पाच महिने त्यांच्याच घरात, बारा पावलांवर होती.

“चार नंबरमध्ये काय वेगळं आहे?” त्यांनी विचारलं.

“तिचा पडदा फुटला होता. दुकानात गेली होती दुरुस्तीला. तिथून आल्यापासून ठणठणीत आहे. तुला चिठ्ठी लिहिली होती मी.”

ती चिठ्ठी बाईंना आठवत होती. ‘ठणठणीत’मधला ‘णी’ ऱ्हस्व लिहिला होता, तो त्यांनी दीर्घ करून परत पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीची बस सोडून नणंदेच्या बसने गेल्या.  वॉर्डात एका रिकाम्या खाटेपाशी स्टुलावर बसून बाईंनी सात नंबरच्या ट्रॉलीला अ‍ॅडाप्टर लावला. लॅपटॉप आपण काय काय करतोय ते स्वतःपाशी ओळीने, वेळेसकट टिपत असतो. ती टिपणं त्यांनी उघडली. अ‍ॅडाप्टर दिसला, ही एक ओळ. पुढची ओळ बरोबर साठ सेकंदांनंतरची.

प्रकरण सोपं होतं. नवं उपकरण लागलं की ते चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जागा होतो. या अ‍ॅडाप्टरचा ड्रायव्हर जागा झाला की आधी एक फाइल मागायचा. ती एका ठरावीक फोल्डरमध्ये असायला हवी. तिथे ती नव्हती. फाइल सोडा, अख्खा फोल्डरच नव्हता. मग ड्रायव्हर इतर कोणी आणून देईल म्हणून साठ सेकंद थांबायचा. आणून देणारं कोणी नव्हतं. मिनिट संपलं की तो फाइलीशिवायच कामाला लागायचा, आणि नेटवर्क यायचं. काढून दुसऱ्या खाटेला लावलं की पुन्हा पहिल्यापासून तेच. दुकानवाल्याने चार नंबरवर सगळी प्रणाली नव्याने घातली होती, फोल्डरसकट. बाकीच्या दहांवर जावईबापूंनी हलकी केलेली प्रणाली होती; त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र सगळं सामान जागच्या जागी होतं.

आणि बाईंच्या टेबलावर दोष का दिसला नाही, तेही तिथेच कळलं. त्या वायर आधी लावून मग यंत्र सुरू करायच्या. यंत्र सुरू व्हायलाच मिनिटाहून जास्त लागायचं. ते साठ सेकंद त्या गडबडीत बुडून जायचे. वॉर्डात यंत्र चालू असताना वायर बदलते, हे त्यांना माहीत होतं. तसं एकदाही करून बघितलं नव्हतं. वर यायचा जिना चढायचा त्यांना कंटाळा होता आणि वर कोण असतं, तर परिचारिका.

दुपारपर्यंत त्यांनी दहाही ट्रॉल्यांवर तो फोल्डर परत घातला. शिवाय उद्या एखादी फाइल नसलीच, तर ड्रायव्हरने वाट न बघता पुढे जावं, अशी सोय केली. एकोणीस नंबरच्या खाटेपाशी एका तरुण परिचारिकेने अ‍ॅडाप्टर लावला आणि सवयीने खिडकीबाहेर बघायला लागली. नेटवर्क येऊन बसलं तरी ती बाहेरच बघत होती.

“आलंय,” बाई तुसडेपणाने म्हणाल्या. “गोळी द्या त्यांना.”

मग त्या जावईबापूंकडे गेल्या.

“फोल्डर तुम्ही काढला होता,” त्या म्हणाल्या.

“कुठला फोल्डर?”

“फालतू सामान म्हणून काढलात तो. उशीर त्यामुळे होत होता. मेमो मागे घ्या.”

जावईबापूंनी खुर्ची थोडी फिरवली. “पण तुम्हीच तीनदा लिहून दिलंय, दोष यंत्रात नाही म्हणून. मी तुमच्या भरवशावर होतो.”

हे खरं होतं, आणि तेच बाईंना सहन होईना. या माणसाकडून काही खरं ऐकायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “तसं लिहून देते. तुम्ही काय चुकलात तेही त्यातच लिहिते, म्हणजे तुमचा लिहायचा त्रास वाचेल.”

“बाई, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला करता? आता चालतंय ना? आणि मेमो काय, सात महिन्यांत त्या घरीच जाणार आहेत.”

बाईंनी पत्र लिहिलं. दीड पानाचं. स्वतःच्या तीन चिठ्ठ्या, सात नंबरच्या ट्रॉलीची टिपणं आणि निळ्या वहीतल्या पानांच्या प्रती जोडल्या. पत्र जावईबापूंकडे न देता त्या मुख्य डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. तेही पासवर्ड विसरणाऱ्यांपैकीच, पण त्यांनी वहीची पानं एकेक करून पाहिली. “हे इतकं नीट कोणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी पत्र संचालकांकडे पाठवलं.

आठवड्याने मेमो मागे घेतल्याचं तीन ओळींचं पत्र निघालं. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता. सभागृहात पुन्हा कोणी साठ बायका गोळा केल्या नाहीत. बेअब्रू करायला सभागृह लागतं, ती मागे घ्यायला टपालाची पेटी पुरते. जावईबापूंनी मासिक अहवालात लिहिलं, ‘आमच्या देखरेखीखाली नेटवर्कचा वेग वीसपट वाढवण्यात आला.’ वर्षअखेरीस त्यांच्याकडे आणखी दोन विभाग आले.

पत्र आलं त्या संध्याकाळी बाई मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नणंदबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“वन्सं, मी हसायला नको होतं.”

“हो, नको होतं,” नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी घडी पुरी केली, ती बाजूला ठेवली आणि दुसरा कपडा घेतला. आत ये म्हणाल्या नाहीत. बाई स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर बाई रोज दहा वाजता जिना चढून वॉर्डात जायला लागल्या. नवं काहीही आलं, की ते खाटेपाशी नेऊन, परिचारिकेच्या हातात देऊन, स्वतः स्टुलावर बसून बघायच्या. बघता बघता टोमणे मारायच्या. जिन्यावर त्यांची चाहूल लागली, की परिचारिकांच्या कपाळाला आठी पडायची. आधी ही बाई निदान तळघरात असायची, असं त्या आपापसात म्हणत.