डावीकडचा चोर

घुग्घुसला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॉलीची डागडुजी, असलं काम. सात-आठ वर्षं झाली असतील, मार्चच्या एका सकाळी चर्चचे फादर स्कूटीवर दुकानात आले आणि म्हणाले, "तीन क्रूस उभे करायचे आहेत. माणसांसकट."

मी ग्राइंडर बंद केलं. "माणसांसकट म्हणजे?"

फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध. स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं, की दरवर्षी गुड फ्रायडेला चर्चपासून कॉलनीमागच्या टेकाडापर्यंत क्रूसाची वाट निघते. येशूचं काम करणारा क्रूस वाहतो, शिपाई त्याला मारतात, आणि शेवटी त्याला आणि दोन चोरांना टेकाडावर टांगतात. नीलगिरीची लाकडं तयार होती. पण मागच्या वर्षी येशू अर्धा तिरपा झाला होता, म्हणून यंदा जमिनीत लोखंडी सॉकेट, म्हणजे क्रूसाचा बुंधा घट्ट बसेल असे चौकोनी नळे, पाहिजे होते आणि पाय ठेवायला आधार.

मी कागद घेतला. "लोड किती?"

"येशू शहाण्णव किलो," फादर म्हणाले. "डंपर चालवतो खाणीत."

मी बौद्ध घरातला. क्रूस म्हटलं की डोळ्यांपुढे यायची दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या गळ्यातली बारीक सोन्याची साखळी. ते माणूस मारायचं यंत्र आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हात कुठे बांधायचे, भार कुठे येतो, हे मी आपला कामाचं म्हणून विचारत गेलो आणि फादर सांगत गेले. रोमन राजवटीत ही शिक्षा गुलामांना, बंडखोरांना असायची. मुद्दाम रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहावं म्हणून. सगळं वजन हातांवर लटकतं, छाती ताणून धरली जाते, श्वास सोडायलाही पायांवर जोर देऊन वर उठावं लागतं, असं जाणकार सांगतात. पाय थकले की संपलं. मी कागदावर काढलेल्या त्या पायाखालच्या प्लेटकडे बघत राहिलो. मग प्लेट दोन इंचांनी आणखी रुंद केली.

गुड फ्रायडेच्या चार दिवस आधी निरोप आला, की डावीकडचा चोर गेला. म्हणजे त्याची ड्यूटी बदलली. फादर पुन्हा स्कूटीवर आले, दुकानाच्या दारात उभे राहून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुझी उंची किती?"

घरी आईला सांगितलं. ती विहारातून नुकतीच आली होती, पांढऱ्या लुगड्यातच होती. म्हणाली, "त्या माणसाले काऊन टांगलं होतं?"

मी फादरकडून ऐकलेलं सांगितलं. गोरगरिबांत बसायचा, महारोग्यांना हात लावायचा, मोठ्या लोकांना तोंडावर बोलायचा.

"मंग जा ना," आई म्हणाली. "पण तू कोनता चोर आहेस?"

"उर्मट. त्याची टिंगल करनारा."

"दुसरा नाई भेटला का?"

दुसरा भेटणं शक्य नव्हतं. उजवीकडचा, पश्चात्ताप करणारा चोर गेली वीस वर्षं एकच माणूस करत होता. खाणीत ब्लास्टिंगच्या कामावर जन्म काढून रिटायर झालेला, चर्चमधला सगळ्यात भाविक म्हातारा. सगळे त्याला भाऊ म्हणत. सुरुंगांनी त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात ओरडलं तरच पोचायचं. तालमीत मी माझं वाक्य म्हणायचो, "देव आहेस ना, मंग उतर खाली, आमाले बी उतरव!" भाऊंना त्यातलं अक्षर ऐकू जायचं नाही. म्हणून त्यांची बायको समोर बसायची. माझं तोंड बंद झालं की ती हात वर करायची, मग भाऊ आधी मला रागवायचे, आणि मग येशूकडे वळून त्याच्या राज्यात आपली आठवण ठेवायची विनवणी करायचे. वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

शास्त्राप्रमाणे, म्हणजे बायबलप्रमाणे, मरण दुपारी तीनला. पण आमच्याकडे एप्रिलच्या तीनला टांगलं असतं तर तिघंही खरेच मेले असते, म्हणून फादरांनी सकाळी सहालाच मिरवणूक काढली. तरी टेकाडावर पोचेपर्यंत साडेनऊ झाले. वाटेत शिपायांनी येशूला जे चाबूक मारले ते पॅकिंगच्या पट्ट्यांचे होते, आणि एक शिपाई प्रत्येक फटक्यानंतर पुटपुटत होता, "लागलं नाई ना रे?" रक्तासाठी मी लोखंडाला मारायच्या लाल रंगाचा, रेड ऑक्साइडचा डबा आणला होता, तो फादरांनी माझ्या हातातून काढून घेतला. शेवटी गुळाच्या पाण्यात कुंकू कालवलं. पहिल्या पाच मिनिटांत आम्हा तिघांवर घुग्घुसच्या सगळ्या माशा.

येशूच्या डोक्यावर लावायच्या पाटीवरूनही गडबड झाली. मूळच्या पाटीवर आरोप तीन भाषांत लिहिला होता म्हणे, म्हणून आमचीही तीन भाषांत होती, मराठी, हिंदी आणि तेलुगू. ऐनवेळी केरळच्या नर्सबाई फादरांकडे गेल्या. आमची भाषा काऊन नाही? मग खडूनं खाली मल्याळमची चौथी ओळ आली, आणि येशू पाटी लिहून होईपर्यंत क्रूस खांद्यावर घेऊन उभा.

एकदाचं आम्हाला आडवं करून बांधलं. दोराचे फास मनगटांना, मुठीत धरायला मीच लावलेली सळई. शिपायांनी दोर ओढला, क्रूस उठत उठत सॉकेटमध्ये धप्पकन बसला. काय दिसत होतं तिथून! सिमेंटच्या चिमण्या, कोळशाच्या ट्रकांची रांग, लांबवर वर्धा नदीची चकाकती रेघ, आणि खाली दोनशे माणसं, त्यांत छत्री धरलेली माझी आई. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. टांगलेल्या माणसानं हसू नये म्हणून मी गाल चावून धरले.

हे सुख मिनिटभर टिकलं. पायाखालची प्लेट मी उठावदार नक्षीच्या चेकर्ड लोखंडाची केली होती, भक्कम. सकाळपासून उन्हात पडून ती तव्यासारखी तापली होती. येशूच्या आणि भाऊंच्या प्लेटवर ओलं पोतं टाकलेलं होतं, माझ्या प्लेटवर कोणाला सुचलं नव्हतं. मी एक पाय उचलला, मग दुसरा, मग पहिला. समोरची लहान पोरं ओरडली, "चोर नाचून राह्यला!"

तेव्हा येशूनं मान वळवली. शहाण्णव किलोचा माणूस, तोंडावर गूळ-कुंकवाचे ओघळ, कपाळात बाभळीचे काटे खरेच रुतलेले. हलक्या आवाजात म्हणाला, "पाय जळून राह्यले का?"

मी मान हलवली.

इतक्यात शिपाई काठीवर स्पंज घेऊन त्याच्यापाशी आला. शास्त्रात आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, असते; नर्सबाईंनी मीठ-साखरेचं पाणी भरलं होतं. येशूनं तोंड फिरवलं. "पहले उसके पैर पे डालो," तो ओठ न हलवता म्हणाला. शिपाई गोंधळला. फादर खाली भोंग्यावर वाचत होते. "डाल ना रे!" येशू म्हणाला, आणि दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच बहुतेक, तो स्पंज डावीकडच्या चोराच्या पायांवर पिळला गेला. मग कोणीतरी ओलं पोतंही टाकलं.

आणि नेमकी माझी पाळी आली. फादर भोंग्यावर म्हणाले, की एक चोर त्याची निंदा करू लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

डोकं गरगरत होतं. उन्हानं म्हणा, उंचीनं म्हणा, पायाला मिळालेल्या गारव्यानं म्हणा. "देव आहेस ना" एवढं तोंडात आलं होतं. पण त्याच्याकडे पाहिलं आणि जीभ वळेना. स्वतःच्या वाटणीचं पाणी माझ्या पायांवर टाकणाऱ्याला मी काय हिणवू? चार दिवस तालमीत भाऊंचं वाक्य ऐकलं होतं, तेच निघालं. तेही माझ्या बोलीत.

"दादा," मी येशूला म्हणालो, "तुह्या राज्यात गेला की मले इसरू नको."

फादरांचा भोंगा नुसताच शिट्टी वाजवत राहिला. येशू उजवीकडे बघायला लागला, कारण हे वाक्य त्याला त्या बाजूनं यायचं होतं. भाऊ मात्र शांत, कारण त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते बायकोच्या हाताची वाट बघत होते.

बायकोनं हात वर केला नाही. ती उभी राहिली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "त्यानं तुमचं बोल्लं! आता तुमी त्याचं बोला!"

भाऊंनी ऐकलं. त्यांचा चेहरा मला येशूच्या पलीकडून दिसत होता. वीस वर्षं ज्याला विनवलं त्याला हिणवायचं? त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "देव आहेस ना... मंग उतर खाली."

आणि थांबले नाहीत.

"उतर ना! काल रात्री त्या याजकाच्या चाकराचा कान कापल्या गेला, त्याले लगेच जोडून देल्ला म्हणे तुनं! तो तुले पकडाले आल्ता! तुह्या दुश्मनाचा कान! अन् मी इथी किती वर्स झाले मांगून राह्यलो, एक कान दे, एकच दे, नातवाचं बोलनं आयकू येत नाई मले! माहा कान काय त्या चाकरापेक्षा हलका आहे का?"

आवाज फुटला होता. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज तसाही मोठा, पण हा टेकाडावरून पार ट्रकांच्या रांगेपर्यंत गेला असेल. शिपायांचे हात थांबले. फादरांनी भोंगा खाली केला. भाऊंची बायको तोंडाला पदर लावून उभी होती, आणि ती रडते आहे की हसते आहे ते मला वरून कळेना.

शास्त्रात उर्मट चोराला उत्तर मिळत नाही. आमचा डंपरवाला क्षणभर आभाळाकडे बघत राहिला, मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. आधी माझ्याकडे वळून त्यानं पश्चात्तापी चोराचं उत्तर मला दिलं, "तू आज माह्यासंगं येशील." मग उजवीकडे वळला आणि भाऊंच्या कानात पोचावं म्हणून, खाणीत एका डंपरवरून दुसऱ्या डंपरवाल्याला हाक मारतात तसा ओरडला, "तुम भी! भाऊ, तुम भी आना!"

भाऊंनी विचारलं, "काय?"

"तुम भीऽऽ!"

कोणीतरी टाळी वाजवली. गुड फ्रायडेला टाळ्या वाजवत नाहीत, पण दुसऱ्यानं वाजवली, आणि मग थांबेचनात. तेलुगू बाया रडत रडत हसत होत्या. मी तर खदखदा हसत होतो, डोळ्यांतून पाणी, माशा तोंडात जाताहेत, आणि क्रूस सॉकेटमध्ये हलतोय. येशूलाही हसू फुटलं. त्याला मरायचं होतं अजून. तीन वेळा मान टाकली आणि तीन वेळा पोट हललं. शेवटी फादर भोंग्यावर म्हणाले, "आपण सर्वांनी गुडघे टेकूया," तेव्हा सगळे खाली बघायला लागले आणि त्याला निवांत मरता आलं.

उतरवल्यावर मी एक पाय उचलून तळवा पाहिला. आईनं धरलं. म्हणाली, "बरं बोल्ला." मग भाऊंकडे गेली, त्यांना जयभीम केला, आणि त्यांनी हात जोडून परत केला.

मला वाटलं फादर रागावतील. ते सावलीत बसून लिंबू सरबत पीत होते. मी माफी मागितली, तर म्हणाले, "लिहिल्याप्रमाणे झालं नाही हे खरं." मग एकदम हसू लागले, सरबत सांडलं झग्यावर. डोळे पुसून म्हणाले, "मी सतरा वर्षं प्रवचन देतो आहे. शास्त्रातला तो कान मला कधी दिसला नाही."

भाऊ मात्र घाबरले होते. संध्याकाळी फादरांकडे जाऊन पापाची कबुली देऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण पुढच्या वर्षी तालीम लागली तेव्हा डावीकडच्या क्रूसापाशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू तिकडं हो. मले इकडचं जमते."

कान काही आला नाही. मुलीनं चंद्रपूरहून कानाचं मशीन आणून दिलं, त्यातून नातवाचं बोलणं ऐकू येतं आणि शेजारच्या कोंबड्याही.

त्या पहिल्या वर्षी, दोन दिवसांनी, रविवारी ईस्टर होता, येशू मेलेल्यातून उठला तो दिवस. मला पहाटेच बोलावणं होतं. चर्चच्या अंगणात तेलुगू बायांचा चिंचेचा भात पुलिहोरा, नर्सबाईंचे तांदळाचे अप्पम, कोणाच्या घरचा केक, आणि एक डफ, जो मनाला येईल तसा वाजत होता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपत आली तरी डंपरवाल्याचा पत्ता नव्हता. रात्रपाळी होती त्याची. मग फाटकाशी मोटरसायकल थांबली. तो तसाच आला, अंघोळ न करता, डोक्यापासून बुटांपर्यंत कोळसा, फक्त डोळे आणि दात पांढरे. अंगणातली पोरं त्याला पाहून आधी मागं सरली, मग एकीनं ओळखलं आणि किंचाळली, "उठला! उठला!" आणि सगळीच्या सगळी त्याच्या अंगावर धावली. पांढरे झगे, नवे फ्रॉक, सगळे काळे झाले. आया ओरडत होत्या. तो दोन्ही हात वर करून उभा होता, कोणाला लागू नये म्हणून, आणि पोरं त्याच्या पायांना लोंबकळत होती.