हवालदारांची बाग

"लय कडक हाय, पण फुटंल," असं म्हणून हवालदार टाचेने जमीन ठोकायचे. ते जमिनीबद्दल बोलतायत की समोर उभ्या पोरांबद्दल, हे आम्हाला कळायचं नाही.

कडेगावजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे कवायत आणि शेतकाम शिकवायला आले. अख्खी शाळा त्यांना हवालदारच म्हणायची. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. शाळेमागच्या मुरमाड पडीक तुकड्यावर पेरूची बाग करायची, असं त्यांनी ठरवलं.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मुलं कुदळीने खड्डे खणायची, मुली विहिरीवरून पाणी आणायच्या. खड्डा गुडघ्याएवढा खोल नसला की पोटरीवर निरगुडीचा फोक बसायचा. हात दुखतात म्हणणाऱ्याला दोन जास्त. एकदा मी अडवलं.

"आवं बाई, मला बी असंच शिकवलंय," ते म्हणाले. "म्हणून तर लढाईतनं जित्ता आलो."

रोपं कमरेला आली. जेवणाच्या सुट्टीत हवालदार एकेका रोपापाशी उकिडवे बसून पानामागची कीड बोटांनी टिपायचे. तेव्हा त्यांचा चेहरा तान्ह्या पोराचं नाक पुसणाऱ्या बाईसारखा दिसायचा.

आठवीतल्या दिनकरने आदल्या दिवशी असाच फोक खाल्ला होता. त्या रागात त्याने एक रोप उपटलं आणि पायाखाली तुडवलं. हवालदारांनी ते पाहिलं. पहिली थप्पड आम्ही सगळ्यांनी ऐकली, मग ते थांबेचनात. मी त्यांच्या पाठीवर छत्री मारली. ती मोडली तरी त्यांना कळलं नाही. शाळेच्या शिपायाने त्यांना मागून कवळ घालून ओढलं, तेव्हा दिनकरच्या डाव्या कानातून रक्त येऊन कॉलरवर उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिनकरचा बाप चार गडी घेऊन आला. घरचा ऊस, त्यामुळे सगळ्यांच्या हातात कोयते होते. त्यांनी कडेची ओळ जमिनीपासून वीतभर ठेवून तोडायला सुरुवात केली. पोरं खिडक्यांना चिकटली. हवालदार कुदळ उगारून धावत आले.

"ये की," बाप म्हणाला. "लढाईत लय माणसं मारलीस म्हणं."

कानात कापूस घातलेला दिनकर बापाच्या मागे उभा होता. हवालदारांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्यांनी कुदळ खाली टाकली.

"झाडं तोडू नगा, ती पोरांची हायती. मला हाणा."

त्यांनी हाणलं. कोयत्याच्या उलट्या बाजूने, लाथांनी, हाताला लागेल त्या दगडाने. हवालदारांनी तोंड झाकायलासुद्धा हात वर केला नाही. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीपर्यंत आला. शेवटी दिनकरच बापाच्या कमरेला लोंबकळला.

"आबा, बास. मरंल त्यो."

मी हवालदारांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या. पोलिसांना त्यांनी विहिरीच्या पायरीवरून पडलो म्हणून सांगितलं. पोलीस गेल्यावर मला विचारलं, "पोराला ऐकू येतंय का, बाई?"

"डाव्या कानाने नाही येत. येणारही नाही."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन महिन्यांनी परत आले ते फोकाशिवाय. त्यानंतर त्यांनी कुणाला बोटही लावलं नाही. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले. दिनकर बोलायचा नाही, पण न सांगता पाणी घालायला यायचा, आणि हवालदार त्याच्या उजव्या बाजूने जाऊन हळू आवाजात सांगायचे, "बेतानं घाल रं."

दिनकर दहावीत गेला, त्या वर्षी झाडांना पहिले पेरू धरले. हवालदारांनी सगळ्या पोरांना झाडांखाली रांगेत उभं केलं. त्यांचा चेहरा उजळला होता. वरच्या फांदीवरचा पिकलेला पेरू काढायला त्यांनी झटकन हात वर केला.

अख्खी रांग खाली वाकली. पोरांनी कोपरं वर करून डोकी झाकली. दिनकरने फक्त उजवा कान झाकला होता.

हवालदारांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"तुमचं तुमी तोडून खावा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत आले नाहीत. पाटणकडे आपल्या गावी निघून गेले, एवढंच कळलं.