मागच्या बाकावरचे चार दिवस

नऊ वर्षांनी पुन्हा शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला वर्ग दिला नाही, बाक दिला. आठवीच्या वर्गातला शेवटचा. "आठ दिवस मागे बसा, सरांचे पाठ बघा, नोंदी करा. मध्ये बोलायचं नाही. मग बघू," म्हणाले. ते 'बघू' मला झोंबलं. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली, त्याआधी बारा वर्षं मी विज्ञानच शिकवलं होतं. पण मला तासिकेवर घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं, आणि मला तो वर्ग हवा होता. घरी बसून बसून मी नुसती चिडकी झाले होते. कुकरच्या शिट्टीवरही ओरडायचे.

तेव्हा बसले. मुरबाडहून धसईकडे जाताना रस्त्याला लागूनच शाळा. एसटी गेली की अर्धं वाक्य वाहून जायचं. विज्ञानाचे सर घाटावरचे, नुकतेच लागलेले, पोरगेलेसे. शिकवायचे बरं, पण प्रश्न विचारून इतका वेळ थांबायचे की माझा जीव वर-खाली व्हायचा. अहो, सांगून टाका ना एकदाचं! पहिल्या दिवशी मी पेनाचं टोपण चावलं. दुसऱ्या दिवशी खिडकीतून सिद्धगडाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी नोंदवहीत 'फार थांबतात' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

चौथ्या दिवशी मातीचा धडा होता. सर म्हणाले, पालापाचोळा जाळू नये, माती नापीक होते. तेवढ्यात डोंगराखालच्या पाड्यावरून रोज चालत शाळेत येणारी एक मुलगी उभी राहिली. चार दिवसांत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"सर, आमी तर दरसाल राब भाजतो. भात चांगला येतो."

"राब म्हणजे काय? सांग बरं सगळ्यांना," सर म्हणाले आणि सवयीप्रमाणे थांबले. ती ओढणीचं टोक पिळत शब्द शोधत होती. सर थांबले, वर्ग थांबला, मला मात्र थांबवेना. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! उठले, पुढे गेले आणि सरांच्या हातातला खडू चक्क काढून घेतला.

फळ्यावर थर काढले. खाली शेण, त्यावर झाडाचा टहाळ, मग गवत, वर माती. भाताची रोपं करायची जागा उन्हाळ्यात अशी भाजतात, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. माझं सासर भातशेतीवाल्यांचं, मला कोण शिकवणार? "आणि राब वाऱ्याच्या दिशेनं पेटवतात, म्हणजे भराभर जळतो," असं म्हणून तेही लिहिलं. चाळीस माना खाली गेल्या, चाळीस वह्यांत ते उतरलं. कुणी चूं केलं नाही. किती वर्षांनी माझा आवाज मला ऐकू येत होता! अंगावर मूठभर मांस चढलं.

मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "बोलायचं नाही सांगितलं होतं. पण बास झालं निरीक्षण. उद्यापासून आठवी तुमची." सरांनी हात झटकले आणि माझ्याकडे न बघता पुढच्या वर्गावर गेले.

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळावर डबा विसळत होती. मी कौतुकानं म्हटलं, "छान बोललीस गो आज."

"बाई, राब वाऱ्याच्या उलट पेटवतात," ती खाली बघत म्हणाली. "वाऱ्यासंगं लावला तर वरवर भुरकन जलून जातो, माती तापतच नाय. सरांनी इचारलं ना, तवा त्येच सांगनार व्हते मी."

मी राब पाहिला होता तो ओटीवरून, हातात चहाचा कप घेऊन. भाजायला कधीच गेले नव्हते.

"हे बाकीच्यांना माहीत होतं?"

"सगल्यांना. घरी आमीच पेटवतो."

"मग वहीत का लिहून घेतलंत?"

"तुमी फल्यावर लिवलं म्हनून."

डबा पुसत ती वर्गात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून ती चाळीस पोरं माझ्याच हवाली होती.