तिकीट माझं, टोलवाटोलवी दोघांची

मंडळी, शिर्डीच्या विमानतळावर बसून लिहिते आहे. डोकं अजून तापलेलंच आहे.

उद्या हैदराबादला नातवाचा बाप्तिस्मा. तिकीट एका प्रवासी वेबसाइटवर काढलं. शिक्षिकेच्या सवयीने, हजेरीपटावर लिहितात तसं, आडनाव आधी आणि नवऱ्याचं नाव शेवटी टाकलं. झालं! तिकिटावर सॅम्युएल, म्हणजे आमचे यजमान, माझं आडनाव होऊन बसले.

विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, दुरुस्ती वेबसाइटवालेच करणार.”

त्यांना फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, ते विमान कंपनी करते.”

पुन्हा ती, पुन्हा तो. मी काय या दोघांची शिपाई आहे?

शेवटी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे ठेवला. “आता तुम्हीच बोला. ठरलं की मला सांगा.” आणि तिथेच बॅगेवर बसले.

दोघं एकमेकांवर घसरले. मग मागची रांग दोघांवर घसरली. “ओ ताई, सोडा की बाईंना! आमचंबी इमान हाय!” एक काका ओरडले. लगेच दुरुस्ती झाली.

परतीचं तिकीट मी तिथेच, विमान कंपनीकडून काढलं. मुलगी म्हणाली, “आजी, यात काही चुकलं तर थेट माझ्याशीच भांडा.”

मला एवढंच हवं होतं. तुम्ही तिकीट काढताना स्वस्ताई बघता, की भांडायला हक्काचं माणूस?