देवीच्या मुखी गिअर ऑइल

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता तीच माझी चूक निघाली, हे लिहायला आजही जड जातं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझ्याकडे स्वतःचा डिझेल ट्रक होता. नारपोलीतल्या मागांवरून कापडाच्या गाठी भरायच्या आणि नाशिकला नेऊन उतरवायच्या, हा माझा धंदा. ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियलचा, त्याच्यावर बाकीचे ट्रकवाले नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड काढून घेतात. मी पडलो वणीच्या देवीचा भक्त. पेंटरला म्हटलं, राक्षस नको, तिथे देवीचा मुखवटा काढ. त्यानेही जीव ओतून काढला. मोठे डोळे, मळवट, नथ. आणि गोळ्याच्या मधोमध तेल भरायचा जो बोल्ट असतो, त्याचं केलं लालभडक तोंड. माझी आई रोज सकाळी ते पुसायची, हळदकुंकू वाहायची. येणारेजाणारे थांबून हात जोडायचे आणि मी आपला फुगायचो.

पण त्यानंतर पाच वर्षं त्या बोल्टला पाना लागला नाही. एका मेकॅनिकने तेल बदलायची आठवण केली, तर मी त्याच्यावरच खेकसलो. देवीच्या तोंडाला पाना लावायचा म्हणजे काय! मागचं राहिलं तसं पुढचंही राहत गेलं. गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, सगळं पुढच्या खेपेला. देवी बघून घेईल, असं मी म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर त्यात भक्तीपेक्षा आळसच जास्त होता.

त्या चैत्रात आमच्या गावातल्या तीस बायका माझ्या ट्रकमधून वणीच्या यात्रेला निघणार होत्या. माझी आई त्यांची पुढारी. वाटेत कसाऱ्याचा घाट. गाडी दोन महिन्यांपासून मागून घुं घुं असा आवाज करत होती आणि माझ्या मनात पाल चुकचुकत होती. म्हणून मी गावदेवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "वणीला जाऊ का?" उजवी पाकळी लगेच पडली. देवीने हो म्हटलं. तरीही ती पाल चुकचुकतच राहिली, आणि आपली श्रद्धाच कमी पडते आहे असं वाटून मला स्वतःची लाज वाटत राहिली.

निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, धामणकर नाक्यावर गर्दीत गाडी अडकली होती. टपरीवर चहा पीत उभा असलेला एक वयस्क गृहस्थ कप ठेवून माझ्या दाराशी आला. "ड्रायव्हर, मागचा डिफरन्शियल रडतोय. ऐकू येत नाही?" मी म्हटलं, "काका, तुमचा चहा थंड होतोय," आणि गाडी पुढे काढली. नारपोलीत गाठी भरायला थांबलो, तर पाचच मिनिटांत हाच माणूस रिक्षातून उतरला. एका आवाजाच्या मागे रिक्षा करून आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नाव जाधव. बस डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, घरी बुद्धाची तसबीर, देवदेव न मानणारे. मी त्यांना कौलाचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, "जाऊ का विचारलंत, ती जा म्हणाली. कसं जाऊ ते कुठे विचारलंत?" गाठी दुसऱ्याच्या गाडीत चढवल्या आणि त्यांना घेऊन मी गावी आलो.

अंगणात आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "देवीच्या तोंडाला पाना लावशील त घरान पाय ठेवू नको," ती मला म्हणाली. जाधवांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, मुखवट्यासमोर उकिडवे बसले आणि तिला विचारलं, "आई, रोज निवद दाखवता?"

"दाखवतंय की. एक दिस चुकला न्हाय."

"गाडीतल्या देवीचा निवद म्हणजे तेल. ते ह्या तोंडातूनच जातं. पाच वर्षं घास गेलेला नाही. म्हणून रडते ती."

आईने वाकून त्या लाल बोल्टवरून बोट फिरवलं. मग घरात गेली, तांब्याभर कोमट पाणी घेऊन आली, पदराने देवीचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "मेल्या, उपाशी ठेवलास तिला? उघड बिगी बिगी."

ते दोन दिवस मी जे पाहिलं त्याला पूजा नाही तर काय म्हणायचं? ऑइल गरम असलं की तळाचा गाळ घेऊन उतरतं, म्हणून त्यांनी आधी गाडी फिरवून आणली. खालचा बोल्ट काढला. घमेल्यात जेमतेम तांब्याभर काळं तेल आलं आणि त्यात लोखंडाचा चुरा चांदीसारखा चमकत होता. फोरमननी तो बोटांत चोळला, वास घेतला, मला बोट दाखवलं. सील गळत होतं, ते बदललं. गिअरबॉक्समधून काकवीसारखं काहीतरी निघालं, रेडिएटरमधून गंजाचं पाणी. ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. प्रत्येक बोल्ट मागावरच्या टाकाऊ सुताने पुसून ते ओळीने मांडत होते, आणि त्या हातांना घाई अशी नव्हतीच. शेवटी देवीच्या मुखी नळी लावली, मी पंप मारत राहिलो. ओठांतून तेल ओघळलं तेव्हा म्हणाले, "बस. पोट भरलं."

काम संपल्यावर ते एवढंच बोलले, "डेपोत असताना एका बसचा असाच आवाज ऐकला होता. सुट्टीची वेळ झालेली. म्हटलं, उद्या बघू. बस घाटातून परत आली नाही." मी मान खाली घालून पान्याला लागलेलं तेल पुसत राहिलो.

मंगळवारी आम्ही निघालो. मागे बायकांची गाणी चालली होती आणि ती मला प्रथमच नीट ऐकू येत होती, कारण खालचा आवाज गेला होता. घाटमाथ्यावर थांबून मी गाडीखाली शिरलो आणि देवीच्या गालावर तळवा ठेवला. गाल नुसता कोमट होता, तापलेला नव्हता. पाच वर्षं "आई, तुला शरण आलो" असं म्हणत होतो आणि तिला कुणाला हात लावू देत नव्हतो. शरण जायचं तर आपला हट्टही तिच्या पायाशी ठेवावा लागतो, हे मला त्या धुळीत पडल्या पडल्या कळलं. मी तिथेच रडलो. जाधवांना देवीने पाठवलं की त्यांचे कान मुळातच तसे होते, या वादात मी पडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गावात परतलो, तर फोरमन गावदेवीच्या पारावर बसलेले. सकाळपासून बसले होते म्हणे. मी ट्रकचा मागचा फळका पाडला. ते पुढे झाले आणि एकेका बाईला हात देऊन उतरवू लागले. ओठ हलत होते. ते मोजत होते. सगळ्यात शेवटी आई उतरली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि तोंड फिरवून उभे राहिले. देवीच्या आधी मी त्यांच्या पाया पडलो. देवीला ते आवडलं असणार, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.