कळशी ठेचल्याचा आवाज

भांडीबाजारातल्या एका दुकानदाराने माझ्या आईला फसवलं. तिची तांब्याची कळशी ठेचतो म्हणून आत नेली, आत दुसरंच काहीतरी ठेचलं आणि कळशी अख्खी ठेवून विकून टाकली. मी तिथेच बसले होते. तरी फसवलं.

कळशी आईच्या लग्नातली. गळ्याखाली टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं आणि पोटाला मोठा पोचा. तो पोचा आईच्या डोक्याने पडलेला. पाणी आणायला उशीर झाला म्हणून वडिलांनी कळशी तिच्याच हातातून ओढून तिच्या कानशिलात घातली. मी नऊ वर्षांची होते. रक्त थांबेना, म्हणून मी माझा परकर फाडून तिचं डोकं बांधलं. डावा कान कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच कळशीने पाणी भरलं, आणि पुढची वीस वर्षंही.

वडील गेले त्यांचं तेरावं झालं आणि आई म्हणाली, "ती कळशी मोडीत घाल. पण ठेचून घे, माझ्यासमोर. लय वर्षं थांबलीय मी."

नवं भांडं घेताना जुनं वजनावर द्यायचं, त्याला मोड म्हणतात. नाव कोरलेलं भांडं असेल तर आमच्याकडच्या बायका ते ठेचल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नसत. आपल्या नावाच्या भांड्यात परक्याने पाणी का भरावं?

मी तेव्हा सातपूरला खानावळ चालवत होते. पाळीवरून सुटलेले कामगार जेवायला यायचे. त्याआधी पंचवटीत झेंडूची पाटी घेऊन बसले होते, त्यामुळे घासाघीस मला कोणी शिकवावी लागली नाही. भाव करणं ही मारामारीच असते, फक्त हात आवरून करायची. भांडीबाजारात मी सकाळी लवकर जायची, दुकानदाराची भवानी व्हायच्या आत. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकामं परत पाठवायचं नाही, हे त्याचं दुखणं मला पक्कं माहीत होतं.

त्या सकाळी मोठं पातेलं घ्यायचं होतं.

"ताई, सकाळी सकाळी गळा कापताय," तो म्हणाला.

"तुमचा गळा जाड आहे. एका सुरीने भागत नाही."

मोडीचा मी भीत भीत चढा भाव सांगितला. तो लगेच हो म्हणाला. तिथेच मला कळायला हवं होतं. मोडीला मागितला तो भाव कोणी देत नाही. पण जिंकल्याची गुंगी वाईट. आई म्हणाली, "माझ्यासमोर ठेचा." तो म्हणाला, "आत जेमतेम तांबटापुरती जागा आहे, मावशी. इथंच बसा, आवाज येईल की."

पडद्यामागे हातोडा सुरू झाला. आईने उजवा कान तिकडे केला आणि माझं मनगट धरलं. प्रत्येक घावाला तिची नखं माझ्या कातडीत शिरत होती. मी तशातही पातेल्यावर झाकण फुकट मागत होते. घाव थांबले तेव्हा ती म्हणाली, "मेली एकदाची."

माझ्या मनगटावर चार रक्ताळलेल्या खुणा होत्या. झाकण मला फुकट मिळालं होतं.

त्या दिवसापासून आई दाराकडे पाठ करून झोपायला लागली. त्याआधी तिला तसं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढे गावात मॉल झाला. मला मॉल आवडत नाही. किंमत आधीच छापलेली, भांडायला समोर माणूसच नाही. पण आईला सरकता जिना बघायचा होता. वर घर सजवायच्या वस्तूंचं दुकान होतं, तिथे काचेच्या चौरंगावर कळशी उभी होती. घासूनपुसून लखलखीत, तोंडात वाळकं गवत खोचलेलं. पोचा मुद्दाम पुढे केलेला, त्यावर दिव्याचा झोत.

आईचा हात कानाकडे गेला. "जिती हाय ही," ती म्हणाली.

मी गवत उपसून फेकलं आणि कळशी उचलली. दुकानातली मुलगी धावली. "मॅडम, हात नका लावू, तो अँटिक पीस आहे!"

"पीस? माझ्या आईचं डोकं आहे ते!"

मी ती फरशीवर आदळली. फरशी तडकली, कळशी गडगडत गेली. पहारेकऱ्याने माझा दंड पिरगळला, मी त्याच्या पोटात कोपर घातलं. मॅनेजरने फरशीसकट पैसे मागितले. त्या अवस्थेतही मी म्हणाले, "काही कमी करा."

"फिक्स्ड आहे, मॅडम."

जन्मात पहिल्यांदा मी छापलेली किंमत मोजली. आई भिंतीला चिकटून कळशीकडे बघत होती, ती उठून अंगावर येईल अशी.

रिक्षा करून तडक भांडीबाजारात गेलो. दुकानदार म्हातारा झाला होता. कळशी बघून त्याने नाकारलंसुद्धा नाही.

"मुंबईचा एक जण नावं कोरलेली जुनी भांडी अख्खीच मागायचा. आणि ताई, मावशींना आवाज हवा होता. आवाज दिला की मी."

मी तराजूतलं वजन उचलून फेकलं. त्याच्या कानाजवळून गेलं आणि मागचं काचेचं कपाट खळकन खाली आलं. मग मी त्याची कॉलर धरून त्याला गादीवरून खाली ओढलं. तोंडावर मारलं. एकदा नाही. शेजारचे दुकानदार मला आवरत होते, मी आवरले जात नव्हते.

पायरीवरून आई ओरडली, "सोड त्याला! बापावानी दिसायला लागलीस!"

मी सोडलं.

लोकांनी तांबटाला बाहेर बोलावलं. भर रस्त्यात, आईच्या पायाशी त्याने कळशी ठेचली, पार पत्रा होईपर्यंत. आईने तो पत्रा उचलून उलटापालटा केला. घावांखाली नाव पुसलं गेलं होतं.

"ही दुसरीच असंल," ती म्हणाली.

मी शपथा घेतल्या. तांबटाने घेतल्या. तिला पटलं नाही, आजही पटलेलं नाही. ती आता दाराकडे तोंड करून बसून असते.

दुकानदार म्हणतो, मार खाल्ला, कपाट गेलं, आता मिटलं. मिटलेलं नाही. माझा राग त्याने अंगावर घेतला, आईला काहीच दिलं नाही. ती आवाजालाही फसली आणि डोळ्यांवरही तिचा विश्वास उरला नाही. मी भावाच्या नादात पडद्याआड गेले नाही, ती चूक मी तिच्यापाशी कबूल केली आहे. आता त्याने यावं. सातपूरला, माझ्या घरी. मी त्याच्या अंगाला हात लावणार नाही. त्याने आईसमोर बसावं आणि पडद्यामागे काय ठेचलं ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं. ती विश्वास ठेवेपर्यंत सांगावं.